शेराचा चीक आणि पापणीवरची चामखीळ

सोमवारच्या ओपीडीत साडेदहाच्या सुमारास भांडुपच्या एक मावशी उजवा डोळा पदराने झाकून आल्या. सोबत मुलगा होता आणि त्याच्या हातातल्या पिशवीत एक हिरवी कांडी. पेन्सिलीएवढी जाड, गोल, पान नाही, काटा नाही, मोडल्या जागी पांढरा चीक वाळलेला. शेर.

ती पिशवी आणल्याबद्दल मी मुलाला शाबासकी दिली. कारण आपल्याकडे ‘निवडुंग लागला’ एवढं सांगितलं तर काहीच कळत नाही. फड्या निवडुंगाला चीक नसतो, त्याची कुसळं डोळ्यात जातात. काटेरी, धारांचा निवडुंग म्हणजे वैद्यांची स्नुही किंवा तिची भावंडं. शेर त्याच चिकाळ कुळातला, कोकणात कुंपणाला असतो, गुरं तोंड लावत नाहीत. मुंबईत तो नर्सरीतून कुंडीत येतो आणि गॅलरीत वाढतो. मावशींकडेही तसाच आला होता.

वरच्या पापणीच्या कडेला चामखीळ होती. गावी बोटावरची चामखीळ अशीच घालवतात: भोवतीच्या कातडीला तूप लावायचं, काडीच्या टोकाने चिकाचा एक थेंब मधोमध ठेवायचा, दोन-चार दिवस हेच. चिकातली द्रव्यं कातडीला दाह करतात, त्या दाहानेच चामखीळ झडते. बोटाची कातडी जाड, तिथे निभावतं. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, आणि प्रत्येक उघडझापीला चीक आत ओढला जातो.

रात्री नऊला थेंब लावला. थोडं चुरचुरलं, पाणी आलं. घरच्यांनी डोळ्यात तुपाचं बोट फिरवलं आणि मावशी झोपल्या. पहाटे तीनला ठणका सुरू झाला. हा या चिकाचा नेहमीचा डाव आहे. सुरुवातीला तो सौम्य वाटतो, खरा दाह काही तासांनी चढतो. म्हणूनच माणसं धुवायच्या वेळी धूत नाहीत आणि सकाळी आमच्याकडे येतात.

डोळा बधिर करणारा प्रोपॅराकेनचा थेंब टाकल्यावर डोळा उघडला. आम्ल-अल्कली ओळखायचा कागद, लिटमस, लावला तर पीएच सात, म्हणजे ना आम्ल ना अल्कली. सोबतच्या ज्युनियरने विचारलं, “सर, पीएच नॉर्मल आहे, धुवायची गरज आहे का?” चुना किंवा ॲसिड गेलं असतं तर पीएच पाहूनच थांबतो. इथे इजा आम्ल-अल्कलीने होत नाही. ती डायटर्पीन एस्टर नावाच्या द्रव्यांनी होते, आणि ती लिटमसवर दिसत नाहीत. तेरा तास उलटले होते तरी धुतलं: रिंगर लॅक्टेट या सलाइनसारख्या द्रावाच्या पाचशे मिलीच्या दोन बाटल्या, सलाइनच्या नळीने, अर्धा तास. “मावशी, खाली बघा, आता वर, आता नाकाकडे.” मग वरची पापणी उलटली. आत तुपाला चिकटलेले वाळल्या चिकाचे दोन कण होते, ते ओल्या कापसाच्या काडीने काढले. हे केलं नाही तर बाटल्या संपतात आणि विष आतच राहतं. पापणीच्या कडेवरचा चीक ओल्या गॉजने पुसला, हातमोजे घालून.

जखम दाखवणाऱ्या फ्लुरोसिन रंगाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात पाहिलं तेव्हा कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, खालचा अर्धा भाग हिरवा उजळला. वरचा थर सोललेला. दृष्टी ६/३६ (निरोगी डोळ्याची ६/६). मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिवसातून चारदा, बाहुली मोठी करणारं होमॅट्रोपिन तीनदा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू तासातासाला. स्टिरॉइड त्या दिवशी दिलं नाही. मुलगा बधिर करणारा थेंब घरी मागत होता, कारण त्या थेंबानेच आईला आराम पडलेला त्याने पाहिला होता. तो कधीच देऊ नये. त्याने जखम भरायची थांबते, कॉर्निया विरघळूसुद्धा शकतो.

“उद्या जास्त दुखेल, कमी दिसेल. घाबरून औषध बदलू नका,” हे आधीच सांगितलं. मंगळवारी दृष्टी ६/६० झाली, कॉर्नियाला सूज आणि आतल्या पाण्यात दाहाच्या पेशी. न सांगता हे झालं असतं तर मावशी दुसरीकडे गेल्या असत्या. पाचव्या दिवशी वरचा थर भरला, तेव्हा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे थेंब सुरू केले, डोळ्याचा दाब मोजत हळूहळू कमी केले.

मधल्या एका तपासणीला मुलाने विचारलं, “पण आयुर्वेदात हे औषधच आहे ना?” स्नुही आहे. चरकाने तिच्या दुधाला तीव्र रेचकांत पहिलं स्थान दिलं आहे. भगंदरासाठीचं क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, तिच्याच चिकात बनतं: दोऱ्यावर चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि अपामार्गक्षाराचे (आघाड्याच्या क्षाराचे) सात, शेवटी चीक आणि हळदीचे तीन. एकवीस लेप, प्रत्येक वाळवून पुढचा. सरकारी नियमांतल्या ई-एक या विषारी द्रव्यांच्या यादीतही स्नुही आहे. ते मोजून-मापून केलेलं काम, आणि झाडही वेगळं.

रुईचं एक इथेच सांगतो, कारण शनिवारी मारुतीच्या माळा ओवणाऱ्यांच्या बाबतीत ते दिसतं. रुईचा चीक डोळ्यात गेला की दुखत नाही, नुसतं धुरकट दिसतं. न दुखण्यावर विसंबू नये. धुण्याचा नियम तोच: नळाखाली लगेच, वीस मिनिटं, पापणी ओढून. तूप, गुलाबपाणी, अंगावरचं दूध काही नाही.

चौदाव्या दिवशी मावशींची दृष्टी ६/९ होती. चामखीळ तिथेच होती. पन्नाशीनंतर पापणीवरची गाठ न तपासता जाळणं मला कधीच पटत नाही, तिथे कर्करोगही चामखिळीसारखा दिसतो. तिसऱ्या आठवड्यात जागा बधिर करून ती काढली, दहा मिनिटं लागली, आणि तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला. रिपोर्ट साध्या चामखिळीचा आला.