दीड फुटाचं शेत

फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुरा म्हटलं की डोळ्यांपुढे ठिपके येतात. त्याच्या त्या प्रसिद्ध चित्रातली नदीकाठची रविवारची दुपार, छत्र्या घेतलेल्या बायका, कुत्री, चक्क एक माकड, आणि सगळ्यावर रंगीत ठिपक्यांचा सडा. मला मात्र त्याचं त्याआधीचं, १८८२-८३ मधलं एक लहानसं तैलचित्र जास्त आवडतं. ‘शेतात काम करणाऱ्या बायका’ एवढंच त्याचं नाव. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. आकार ३८.५ बाय ४६.२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फूट बाय दीड फूट. काखोटीला मारून नेता येईल एवढं. (नेऊ नये, हे सांगायला नकोच.)

चित्रात घडत काहीच नाही. दोन बायका शेतात कंबरेत वाकून कामाला लागल्या आहेत. खुरपताहेत की वेचताहेत कोण जाणे. सुराने ते कळावं म्हणून फारशी तसदी घेतलेली नाही. नाकडोळेही रेखाटलेले नाहीत. पाठी जवळजवळ आडव्या, मागचे शेताचे पट्टेही आडवे, त्यामुळे बायका आणि जमीन एकाच घडणीच्या वाटतात.

खरी गंमत त्या जमिनीत आहे. कुंचल्याचे आखूड फटकारे एकमेकांवर आडवेतिडवे मारले आहेत, आणि लांबून पाहिलं की तेच ऊन होऊन रानावर पसरतं. यामागे शेव्रल नावाचा एक रसायनतज्ज्ञ आहे. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणले जात, तो रंगाईचं खातं सांभाळायचा. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच. शेजारच्या रंगांमुळे काळा फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि पुढे चित्रकारांनी ते डोक्यावर घेतलं. सुरा त्यातलाच. ठिपके अजून यायचे होते, पण त्यांची तयारी या शेतात झालेली दिसते.

मिले या फ्रेंच चित्रकाराची आठवण इथे येतेच. त्याच्या १८५७ च्या चित्रात तीन बायका सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं, वेचताहेत, मागे गंजी रचल्या आहेत आणि दूर उजवीकडे घोड्यावर बसलेला एक माणूस लक्ष ठेवून आहे. कुणाचं पीक, कुणाच्या वाट्याला काय, सगळं त्यात आलं. म्हणूनच पॅरिसमधल्या काही समीक्षकांना ते झोंबलं. फ्रान्समध्ये राजाला पायउतार करणारी १८४८ ची क्रांती होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. मिले नॉर्मंडीच्या शेतकऱ्याच्या घरातला, चित्रातल्या बायकांच्या पाठीचं दुखणं त्याला ठाऊक असणार.

सुरा पॅरिसचा, खाऊनपिऊन सुखी घरातला, हे चित्र काढलं तेव्हा जेमतेम २२-२३ वर्षांचा. त्याच्या शेतात घोडेस्वार नाही, गंजी नाहीत, कणव मागणारं काही नाही. कुणी याला कोरडेपणा म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. या बायकांना तो ओळखत नव्हता आणि ओळखत असल्याचा आवही त्याने आणला नाही. बांधावरून जाणाऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच त्याने रंगवलं.

पुढे त्याने हात सैल सोडला. १८८४ मधलं नदीवर पोहायला आलेल्यांचं चित्र दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. रविवारची ती दुपारही साधारण तेवढीच. थोडक्यात, सुट्टीला दहा फूट आणि कामाला दीड! पण हे शेत दहा फुटांचं केलं असतं तर त्या पाठींना लगेच घोषणेचं वजन आलं असतं आणि दोघी कुणाच्या तरी प्रतिनिधी होऊन बसल्या असत्या. आता त्या नुसत्या दोघी आहेत आणि त्यांचं काम संपायचं आहे.