बॅटरी बदलण्याआधी अर्थची वायर बघा

गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो. मुंबईकर मंडळी मालवणात उतरतात, पडवीतल्या जुन्या मोटरसायकलवरची ताडपत्री काढतात, आणि मग मला विचारतात, "मे महिन्यात झक्क चालत होती. आता हॉर्न वाजतो, पण सेल्फ मारला की नुसतं टक् होतं. बॅटरी बदलूक व्हयी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: लगेच नको. आधी बॅटरीला जोडलेल्या दोन जाड वायरी बघा, आणि त्यातही निगेटिव्हची, म्हणजे इंजिन-चासीला जाणारी अर्थची.

हॉर्न वाजला म्हणजे करंट व्यवस्थित आहे, असं सगळे धरून चालतात. पण हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात आणि सेल्फच्या मोटरला साठेक लागू शकतात. समजा एखाद्या जोडावर गंज चढला आणि तिथे 0.05 ओहम रोध आला. 3 अँपिअरला तिथे 0.15 व्होल्ट खर्ची पडतात, हॉर्नला ते कळतही नाही. 60 अँपिअरला मात्र तोच जोड 3 व्होल्ट खातो. बारातले तीन तिथेच गेले, तर मोटर फिरणार कशी?

आपल्याकडे हे जास्त होतं ते खाऱ्या वाऱ्यामुळे. मीठ ओल धरून ठेवतं, आणि चार महिने ओल राहिली की तांबं हिरवं पडतं. वाईट म्हणजे ते वरून दिसत नाही. वायरचं काळं आवरण अगदी धड असतं. पण थिंबलजवळ (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोटांनी वाकवून बघा, आत करकर जाणवते. आवरण थोडं सोललं की चकचकीत तारांऐवजी काळपट-हिरवा भुगा हाती येतो. अशी वायर साफ करत बसू नका, नवीनच टाका.

मल्टीमीटर साधा चालेल, फक्त 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर आधी सावकाश चार्ज करा, 9 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 0.9 अँपिअरने. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (वायरच्या थिंबलवर नव्हे, बॅटरीच्या खुंटावरच) आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा, गाडी न्यूट्रलला ठेवून सेल्फ दाबा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर चोर सापडला.

तिथे काहीच सापडलं नाही तर रिलेच्या (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच) दोन जाड बोल्टांवर मीटर धरून सेल्फ दाबा. टक् होऊनही पूर्ण 12 दिसत असतील तर रिलेचे आतले पॉइंट जळलेत. आणि टक् सुद्धा होत नसेल तर क्लच स्विच आणि किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा) उघडून बघा.

साफ करताना निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी लावा, नाहीतर पाना चासीला लागून ठिणगी उडते. अर्थचा बोल्ट जिथे बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पेटत नाही, ती तक्रार वेगळी. तिथे ओला प्लग कॅप आधी बघा. जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट असेल तर इग्निशनच्या पॉइंटची फट.

सणाच्या घाईत नवी बॅटरी घातली की गाडी चालू होते, हे मलाही माहीत आहे. नव्या बॅटरीचा जोर खराब जोडातूनही काही दिवस ढकलून नेतो. म्हणूनच लोकांची खात्री पटते, आणि दिवाळीला तेच दुखणं पुन्हा येतं. कष्टाचे पैसे असे जाताना बघवत नाही.

बॅटरी खरंच गेलेली असते तेव्हा मीटर तसं सांगतो. पूर्ण चार्ज आहे, जोड चकचकीत आहेत, तरी सेल्फ दाबताच तिच्या खुंटांवरच मीटर 9.5 व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर खुशाल नवी घ्या. आणि परत जाताना निगेटिव्ह काढून ठेवा.