महलोन कुठे गेला?

आज उपासनेत बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा चौथा अध्याय वाचायला माझ्याकडे होता. पाळकसाहेबांनी आधीच, अगदी प्रेमाने सांगितलं, "सतराव्या वचनाला थांबा बाई, पुढे नुसती नावं आहेत." थांबले. जागेवर येऊन बसले आणि पुढचा संदेश काही कानात शिरला नाही.

एवढंसं तर आहे. उरलेली पाच वचनं. पण मी ती पाठ करून गेले होते. पेरेसला हेस्रोन झाला, हेस्रोनला राम, रामला अम्मीनादाब, मग नहशोन, सल्मोन, बवाज, ओबेद, इशाय, दावीद. दिलं तेवढं वाचायचं, थांबा म्हटलं की थांबायचं, हे आमच्या घरातल्या बायकांच्या वाट्याला आलेलंच आहे. आईच्या वेळीसुद्धा... जाऊ दे.

"नुसती नावं" हे मात्र डोक्यातून जाईना. 'अमक्याची वंशावळ ही' हे पालुपद बायबलच्या एकट्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, 11 वेळा येतं, आणि बहुतेक वेळा त्यानंतर काहीतरी सुरू होतं. तेरहची वंशावळ म्हणतात आणि गोष्ट निघते अब्राहामची. याकोबाची म्हणतात आणि समोर येतो मेंढरं राखणारा सतरा वर्षांचा योसेफ. नाव बापाचं, हकीकत लेकरांची. रूथमध्ये तेच पालुपद शेवटाला आलंय. म्हणजे पुस्तक संपतं तिथे दावीद राजा उभा.

त्यात मोजूनमापून बसवलेलं. आदामापासून नोहापर्यंत 10 पिढ्या, शेमपासून अब्रामपर्यंत 10, पेरेसपासून दावीदपर्यंत 10. पहिल्या यादीत सातवा हनोख, इथे सातवा बवाज. यहूदापासून सुरुवात केली असती तर बवाज आठव्यावर गेला असता. हे आपोआप झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि महलोन, रूथचा पहिला नवरा? वेशीत वडीलधाऱ्यांसमोर बवाज स्वच्छ सांगतो की रूथशी लग्न करतोय ते मेलेल्या महलोनचं नाव त्याच्या वतनावर राहावं म्हणून. यादीत बघा: बवाजला ओबेद झाला. संपलं. ज्याचं नाव राखायला एवढा खटाटोप, तोच गायब! रूथ नाही, तिची सासू नामी नाही. शेजारणी म्हणतात नामीला मुलगा झाला, आणि लगेच खाली बापांची रांग. पेरेस आहे, त्याची आई तामार नाही. ती वर बाराव्या वचनात आशीर्वादापुरती. मत्तयाने पुढे आपल्या शुभवर्तमानातल्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ घातल्या, पण ते कितीतरी नंतर.

सकाळभर याचाही रागच येत होता. भांडी घासताना वाटलं, ज्या लिहिणाऱ्याने चार अध्याय या बायकांच्या मागे घालवले तो त्यांना शेवटी विसरेल कसा? "बवाजला ओबेद झाला" म्हणताना रूथ बवाजकडे गेली ती खळ्यावरची रात्र आठवतेच, त्याने तिच्या पांघरुणात मोजून घातलेले सहा मापं सातू आठवतात, रूथवरचा हक्क सोडताना त्या बिननावाच्या नातेवाइकाने खूण म्हणून काढलेला जोडा आठवतो. हे एकदा कळलं की बाकीची नावं सरळ वाचता येत नाहीत. नहशोनला सल्मोन झाला म्हणे. झाला असेल, पण कोणाच्या घरात काय काय होऊन?

मग माझंच मला हसू आलं. महलोनसारखा एवढा हक्काचा माणूस यादीतून गेला, तर त्याची कुठे तक्रार नाही, आणि इथे पाच वचनांवरून बाईसाहेबांनी चहाही नीट घेतला नाही. बेबीआत्या म्हणालीच, "तसंही अम्मीनादाबपाशी अडखळली असतीस." अजिबात नसते अडखळले. पण तिच्याशी कोण वाद घालणार.

संध्याकाळी उत्पत्तीचा पाचवा अध्याय घेऊन बसले, चांगला खड्या आवाजात. इतकी वर्षं जगला, मुलगे-मुली झाल्या, मग मरण पावला. पुढचाही मरण पावला. त्याच्या पुढचाही. आतून आत्या ओरडली, "अगं, आज किती जणांना पोचवणार आहेस?"

म्हटलं, थांब, हनोख आलाय, हा मरत नाही. 365 वर्षांचा झाल्यावर देव त्याला घेऊन जातो.

"आणि मग?"

मग मथुशलह. 969 वर्षं.

"म्हणजे भाकऱ्या मीच टाकायच्या."