क्लारनेटची लांबची नात

गड्ड्यातून, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतून, पोरीला पिपाणी घेऊन दिली ही चूक माझीच. संक्रांत होऊन आठवडा झाला, मिरवणुकीतले नंदीध्वज कधीच जागेवर गेले, पण आमच्या घरात जत्रेचं होम मैदान अजून चालूच आहे, सकाळी सहाला पीं, जेवताना पीं, आणि बायको म्हणते घ्या अजून लाडानं.

शेवटी वैतागून ती उघडून बघितली. प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचीच एक बारकी पत्ती, फुंकलं की थरथरते. म्हणजे ही बया क्लारनेटची लांबची नात निघाली की ओ! क्लारनेटलाही एकच पत्ती असते, फक्त बोरूच्या जातीतल्या गवताची. आमच्या गल्लीतले बँडमास्तर वरात निघायच्या आधी ती तोंडात धरून भिजवत बसतात, तेवढा वेळ कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवतात.

या सगळ्या खानदानाला वुडविंड, म्हणजे फुंकायची लाकडी वाद्यं म्हणतात, पण लाकूड पाहिजेच असं काही नाही. १८४६ ला अडॉल्फ सॅक्सनं पॅरिसमध्ये पेटंट घेतलेला सॅक्सोफोन अख्खा पितळेचा, तरी गणती यांच्यातच, कारण तोंडाशी तीच पत्ती. शेजारचा ट्रम्पेट पण पितळेचाच, पण तिथं वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात म्हणून त्याची भावकी वेगळी. आणि बासरीला ना पत्ती ना काही, फुंक नुसती भोकाच्या कडेवर आपटते, तरी ती घरचीच.

सनईची पत्ती दुहेरी. हे वाचलं आणि एकदम मंगळवेढ्याचं आजोळ आठवलं. पहिल्या पावसात उकिरड्यावर आंब्याच्या कोयी उगवायच्या, त्यातली एक उपटायची, टरफल काढायचं आणि आतला गर दगडावर घासत बसायचं, बीच्या दोन डाळिंब्यांमधली फट दिसेपर्यंत. मग फुंकायचं. तोंड तुरट व्हायचं, दहातल्या आठ कोयी वाजायच्याच नाहीत, पण एखादी अशी वाजायची की आजी आतून ओरडायची, मेल्या, म्हशी बिथरतील! दोन डाळिंब्या, मधून वारा, म्हणजे आम्ही सनईच वाजवत होतो आणि कौतुक कोणाला नाही.

काल पोर झोपल्यावर पिपाणी माळ्यावर टाकायला घेतली. टाकायच्या आधी एकदा, अगदी हळू, वाजवून बघितली. आतून बायकोचा आवाज आला, "आता तुम्ही पण?"