तुम्ही विचारलंत म्हणून: गृहखात्यात असं काय पुरलंय?

लग्नात, बारशाला, परवा तर दहाव्याला नदीवर सुद्धा. कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतंच, "तुझे वडील पोलिसात होते ना रे? मग सांग, या गृहखात्यात असं काय पुरलंय की एकाच सरकारातले लोक त्याच्यापायी एकमेकांच्या उरावर बसतात?" मी आपला "सत्ता हो, दुसरं काय" म्हणून सुटका करून घेतो. पण बायकोच्या मावशींनी गेल्या सहा महिन्यांत तीनदा विचारलंय आणि त्यांना एका वाक्यात गप्प करणं कोणाला जमलेलं नाही, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

सुरुवात अण्णांपासून. अण्णा हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यातली चारेक वर्षं एका मंत्र्यांकडे बॉडीगार्ड होते. मंत्री कोण ते सांगणार नाही, ते आता नाहीत आणि माणूस तसा बरा होता. आम्ही साताऱ्याला पोलीस लाईनीत राहायचो. अण्णा आठवड्यातून एकदा यायचे, राखाडी सफारी, कमरेला उजवीकडे फुगवटा, आणि आल्या आल्या आधी पाय गरम पाण्यात. मला वाटायचं बॉडीगार्ड म्हणजे गोळी आली तर मध्ये पडणारा माणूस. अण्णा म्हणाले, "गोळी कुठली येतीय रं. आमचं खरं काम फोनचं."

म्हणजे असं की साहेब निघाले की कंट्रोलला, म्हणजे पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला, कळवायचं, हद्द सोडली की कळवायचं, पुढच्या जिल्ह्याला कळवायचं, मुक्काम कुठे ते कळवायचं. सुरक्षेसाठीच हो, त्यात काही काळंबेरं नाही, पुढे बंदोबस्त लावायचा तर माहिती नको का. पण ही माहिती वर जात जात शेवटी जाते कुठे, तर गृहखात्यात. आणि तेव्हा सरकार दोन पक्षांचं, अण्णांचे साहेब एका पक्षाचे आणि गृहखातं दुसऱ्या पक्षाकडे. साहेबांना हे चांगलं ठाऊक होतं. कधीकधी हायवेला एखाद्या हॉटेलपाशी गाडी थांबवायचे, म्हणायचे, "हवालदार, तुम्ही जरा चहा घ्या, मी आलोच," आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीत बसून दोन तास गायब. अण्णा चहा घ्यायचे, मग भजी, मग परत चहा. आणि डायरीत लिहायचे, "चहापानासाठी थांबलो." दोन तासांचा चहा! वरच्यांनी तेवढ्यावरून काय ओळखायचं ते ओळखलंच असणार.

तर मावशी, हे पुरलंय तिथे. लोकांना वाटतं गृहमंत्री म्हणजे चोर पकडणाऱ्यांचा मुख्य. चोर काय, ठाण्यातला शिपाई पकडतोच. गृहखात्यात रोज सकाळी गोपनीय विभागाचा अहवाल येतो, कोण कुठे गेलं, कुठे बैठक झाली, कुठल्या गावात काय शिजतंय. फोन ऐकायची परवानगी गृहसचिवांच्या सहीने निघते, अगदी काल-परवापर्यंत १८८५ च्या तार कायद्याखाली. बदल्या तिथून. कोणाला किती गनमॅन ते तिथून. आणि या सगळ्याचा उपयोग विरोधकांवर जेवढा होतो ना, त्याच्याहून जास्त शेजारच्या खुर्चीतल्या माणसावर होतो, हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं सोपंय.

आणि हे आघाड्यांच्या काळातलं खूळ आहे असंही नाही. आमच्या जिल्ह्याचेच यशवंतराव चव्हाण घ्या. १९६६ च्या नोव्हेंबरात दिल्लीत गोरक्षावाल्यांचा मोर्चा संसदेवर गेला, गोळीबार झाला, तेव्हाचे गृहमंत्री गुलझारीलाल नंदांनी राजीनामा दिला आणि यशवंतराव केंद्रात गृहमंत्री झाले. म्हणजे आयबी, केंद्राचं गुप्तचर खातं, त्यांच्याकडे, सीबीआय त्यांच्याकडे, आणि पंतप्रधानपदाची चर्चा निघाली की नाव पहिल्या तिघा-चौघांत. इंदिराबाईंना हे दिसत नव्हतं होय? १९६८ मध्ये आयबीतला परदेशातल्या हेरगिरीचा भाग काढून रॉ काढली, ती पंतप्रधानांच्या हाताखाली. १९६९ ला बंगलोरला काँग्रेसच्या बैठकीत यशवंतरावांनी राष्ट्रपतिपदासाठी सिंडिकेटच्या, म्हणजे बाईंच्या विरोधातल्या जुन्या काँग्रेस नेत्यांच्या, रेड्डींच्या बाजूने मत दिलं आणि नंतर परत बाईंच्या बाजूला आले, पण व्हायचं ते झालंच. १९७० च्या जूनमध्ये बाईंनी गृहखातं स्वतःकडे घेतलं आणि यशवंतरावांना अर्थखातं दिलं. वर बघितलं तर बढतीच वाटावी! अण्णा अजून म्हणतात, साहेबांची किल्ली त्या दिवशी गेली. (आमच्याकडे 'साहेब' म्हटलं की यशवंतराव, बाकीच्यांना आडनाव लावावं लागतं.)

आता आपल्याकडे. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, सेनेचे मनोहर जोशीसर मुख्यमंत्री आणि भाजपचे गोपीनाथराव मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. तेव्हापासून एक वाटणीच पडली की एकाला मुख्यमंत्रिपद तर दुसऱ्याला गृह. १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी आली, काँग्रेसचे विलासराव वर आणि गृह राष्ट्रवादीच्या भुजबळांकडे. नंतर आबा (आर. आर. पाटील), मध्ये वर्षभर जयंतराव पाटील, परत आबा. थेट २०१४ पर्यंत गृह राष्ट्रवादीकडेच. २००४ ला तर राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ आले होते, तरी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि गृह धरून ठेवलं. लोक तेव्हा हसले होते. अण्णा नाही हसले.

याची किंमत कोणाला पडते ते १३ जुलै २०११ ला दिसलं. झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, दादर, तीन स्फोट. मुख्यमंत्री काँग्रेसचे पृथ्वीराजबाबा चव्हाण, तेही आमच्या कराडचेच, नंतर मुलाखतीत बोलून गेले की स्फोटांनंतर पंधरा-एक मिनिटं पोलिसांच्या वरिष्ठांशी संपर्कच होत नव्हता, आणि गृहखातं मित्रपक्षाकडे द्यायला नको होतं अशा अर्थाचंही बोलले. मुख्यमंत्र्याने हे जाहीर बोलावं म्हणजे आत काय चालू असेल! २०१४ च्या फेब्रुवारीत तर मुंबईच्या पोलीस आयुक्ताची खुर्ची पंधरा दिवस नुसती चार्जवर चालली, कारण मुख्यमंत्र्यांच्या मनातलं नाव वेगळं आणि गृहमंत्र्यांच्या मनातलं वेगळं अशी सगळीकडे चर्चा. शेवटी राकेश मारिया आले आणि नाराज झालेल्यांपैकी काही रजेवर गेले.

२०२० चा जुलै आठवतोय का? लॉकडाऊन चालू, पोलीस रस्त्यावर मरत होते अक्षरशः, आणि मुंबईत दहा डीसीपींच्या, म्हणजे पोलीस उपायुक्तांच्या, बदल्या निघाल्या त्या तीन दिवसांत रद्द. गृह राष्ट्रवादीकडे, मुख्यमंत्री सेनेचे. कोणाला विचारून काढल्या, कोणाला विचारून रद्द केल्या, जो तो वेगळं सांगत होता. आणि ते डीसीपी? ज्याने नव्या जागी जायला बॅग भरली त्याने ती परत रिकामी केली असेल, दुसरं काय.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त कुठली गोष्ट आवडत असेल (आवडत म्हणजे, समजलं ना) तर २०२२ ची. २० जूनला विधान परिषदेची मतमोजणी झाली आणि त्या रात्री एकनाथ शिंदे सेनेचे आमदार घेऊन सुरतेला गेले. टीव्हीवर सगळे सभागृहाचं गणित मांडत बसले होते आणि अण्णा एकच प्रश्न विचारत होते, "आरं, यांचे बॉडीगार्ड कुठं होते?" मंत्री होते त्यात, आमदार होते, प्रत्येकाबरोबर निदान एक गनमॅन, हद्द सोडली, राज्य सोडलं, कंट्रोलला फोन झाला की नाही? झाला तर कोणी दाबला? नाही झाला तर चहा प्यायला कुठे बसवलं होतं? गृहखातं तेव्हा वळसे पाटलांकडे, म्हणजे राष्ट्रवादीकडे, आणि पवारही गोपनीय विभागाच्या कारभारावर नाराज असल्याच्या बातम्या आल्याच. अण्णांचं ठाम मत की आमदार फुटले ही बातमीच नाही, आमदार फुटतातच, शंभर किलोमीटर जाईपर्यंत कोणाला कळलं नाही ही बातमी.

मग पाचच दिवसांत शिंद्यांचं पत्र, की आमच्या आमदारांच्या घरच्यांची सुरक्षा काढली. वळसे पाटील म्हणाले, कोणाचीही काढलेली नाही. जुलैमध्ये शिंद्यांच्या गटातले आमदार सुहास कांद्यांनी आरोप केला की शिंदे गडचिरोलीचे पालकमंत्री असताना नक्षलवाद्यांच्या धमक्या आल्या, झेड प्लस दर्जाची सुरक्षा द्यायचं ठरत होतं आणि मातोश्रीवरून फोन आला, देऊ नका म्हणून. शंभूराज देसाई तेव्हा गृहराज्यमंत्री, ते म्हणाले हो, मला फोन आला होता. दुसरे गृहराज्यमंत्री सतेज पाटील म्हणाले असं काही घडलेलंच नाही. एकाच सरकारातले, एकाच खात्याचे दोन राज्यमंत्री! खरं-खोटं त्यांना माहीत. पण बघा, हे शंभूराज म्हणजे बाळासाहेब देसाईंचे नातू, आणि बाळासाहेब वसंतराव नाईकांच्या काळात गृहमंत्री. म्हणून म्हणतो, या भांडणात आमचा सातारा कुठून ना कुठून येतोच.

२०२४ चं तर ताजंच आहे. २३ नोव्हेंबरला निकाल, भाजप १३२, शिंदेसेना ५७. मुख्यमंत्रिपद जाणार हे दिसल्यावर शिंदेसेनेने जुना हिशोब पुढे केला, तुम्हाला मुख्यमंत्रिपद तर आम्हाला गृह. शिंदे मध्येच साताऱ्यातल्या आपल्या दरे गावी येऊन बसले, तब्येतीचं कारण, आणि आख्ख्या मुंबईचे कॅमेरे कोयनेच्या काठाला. आमच्या भागातल्या वडाप जीपवाल्यांचा धंदा बरा झाला म्हणे तेवढे दोन दिवस. ५ डिसेंबरला शपथ, खाती मात्र २१ डिसेंबरला, आणि गृह फडणवीसांनी स्वतःकडेच ठेवलं. का सोडतील? २०१४ ते १९ मुख्यमंत्री असताना स्वतःकडे, २०२२ ला उपमुख्यमंत्री झाले, पद एक पायरी खाली आलं तरी गृह सोडलं नाही. त्या माणसाला ही किल्ली कुठल्या दाराची हे पक्कं ठाऊक आहे. नगरविकासात पैसा आहे, मोठं खातं आहे, शिंद्यांना ते मिळालं. यशवंतरावांनाही अर्थखातं मिळालं होतंच की.

आणि मग २०२५ चा फेब्रुवारी. २०२२ ला बंडानंतर शिंद्यांच्या चाळीसेक आमदारांना वाय दर्जाची सुरक्षा मिळाली होती, मागे-पुढे गाडी, गावात एंट्री मारली की लोक उठून उभे. त्यातल्या विसेक जणांची कमी केली. भाजप आणि अजितदादांच्या काही जणांचीही केली, पण जास्त शिंद्यांच्या. सरकारचं म्हणणं, आढावा समिती असते, ती धोका बघून ठरवते, यात राजकारण नाही. समिती असते हे खरंच आहे. पण ज्या आमदाराच्या मागची गाडी गेली त्याला समिती दिसत नाही, त्याला गावातल्या पारावरची तोंडं दिसतात.

आमच्या चुलतभावाचा मुलगा अशाच एका आमदाराकडे होता. नाव-गाव नको. एका संध्याकाळी मेसेज, उद्या सकाळी हेडक्वार्टरला हजर व्हा. आमदारांनी त्याला बसवून घेतलं आणि दोन-दोनदा विचारलं, "ऑर्डर नेमकी कोणी काढली रे?" आता याला काय माहीत. हा म्हणाला, साहेब मला फक्त हजर व्हायला सांगितलंय. मी त्याला विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाला, कशाचं वाईट, दोन वर्षांत पहिल्यांदा पोरीच्या गॅदरिंगला गेलो. एकच गोष्ट डोक्यात आहे त्याच्या, पदरचे पैसे घालून तीन सफारी शिवल्यात आणि हेडक्वार्टरला खाकीच लागते. कोणाला हव्या असतील तर कळवा, माप अडतीस, फक्त उजव्या कमरेला जरा सैल आहेत.