बोट काडूं नाका

मुलांसाठीच्या समुद्री साहसकथांच्या एका मालिकेची चित्रं मी काढते. मराठा आरमारातल्या एका गलबतावर चुकून चढलेला अकरा वर्षांचा पोरगा, आणि दर पुस्तकात त्याचा एक नवा पराक्रम. ‘पराक्रमाचं चित्र पानभर हवं’ ही संपादकांची ठरलेली मागणी. पहिल्या भागात पोरगा वादळात डोलकाठीवर चढला. दुसऱ्यात त्याने तोफेच्या दारूचा पेटलेला बुधला उचलून समुद्रात भिरकावला. तिसऱ्यात तो दातांत सुरी धरून उसळत्या लाटांमध्ये उडी घेतो आणि बुडणाऱ्या तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, वाचवतो. ही उडी मुखपृष्ठावर घ्यायची होती. तीन आठवडे खपून मी ती काढली, आणि खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडली होती.

मी म्हापशाची. समुद्र स्कूटरवर अर्ध्या तासाच्या आत, पण आमच्या घराण्यात कुणी होडीत पाय ठेवलेला नाही. माझा दर्या म्हणजे पुस्तकं आणि शुक्रवारच्या बाजारातली मासळी. गलबत साधारण ७० टनांच्या आतलं, ४०-५० वल्ह्यांनी चालणारं. गुराब त्याहून मोठं, त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि बुटकी, तिच्यावरून तोफा थेट पुढे डागायच्या, हे सगळं मला तोंडपाठ. दोर हातात कसा धरतात ते मात्र माहीत नव्हतं. म्हणून छपाईआधी चित्रं एका जाणत्या माणसाला दाखवावीत असं ठरवलं. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या बाईचे सासरे मोरजीचे तांडेल, चापोरा नदीच्या मुखाशी होडी घालतात. नोव्हेंबरातल्या एका दुपारी चित्रांची गुंडाळी घेऊन मी तिथे पोचले.

तांडेल जाळं सांधत बसले होते. त्यांनी हात लुंगीला पुसले, चित्र लांब धरलं आणि आधी बावट्यावर बोट ठेवलं. “शीड फुगलां फुडें आनी बावटो उडटा फाटीं? वारे दोन काय गे बाय?”

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वारा मागून असेल तर बावटाही पुढेच उडणार. पण वेगाने धावणाऱ्या जहाजाचा बावटा मागे फडफडताना दाखवला की डोळ्याला बरं वाटतं, आणि मी डोळ्याचं ऐकलं होतं. मग मी पाहिलेली चित्रं, कॅलेंडरं, आमच्या शाळेतला भित्तिचित्राचा फलक सगळं आठवू लागले, आणि निम्म्या ठिकाणी बावटा असाच उलटा उडत होता.

मग ते उडीकडे वळले. बराच वेळ बघितलं. “हो मेलो,” हा मेला, एवढंच म्हणाले आणि चित्र परत दिलं.

“पण त्याला पोहता येतं,” मी म्हणाले.

“पोंवपी आदीं मरतात.” त्यांनी होडीकडे मान वळवली. “चल, दाखयतां.”

नऊ-दहा वर्षांचा त्यांचा नातू शाळेतून येऊन तिथेच घुटमळत होता. तोही चढला. फायबरची होडी, मागे बाहेर टांगलेलं इंजिन. मला त्यांनी लाइफ जॅकेट दिलं. ते मी अंगात घातलं खरं, पण पट्टे लावले नाहीत, कारण पट्टे लावल्यावर मांडीवर कागद धरता येईना. यातलं मूर्खपण मला तेव्हाही दिसत होतं, पण चित्र काढायची घाई झाली होती.

चारच्या सुमाराची ओहोटी. नदीचं पाणी बाहेर धावतंय, समोरून खारा वारा आत रेटतोय. हे दोघे मुखाशी भिडतात तिथे लाटा पसरत नाहीत, उभ्या राहतात, भिंतीसारख्या. तांडेल मला तेच दाखवत होते. मी कागदावर त्या लाटांचे कोन उतरवत होते. वाऱ्याने वरचा कागद सुटला, मी तो धरायला वाकले, आणि होडी उजवीकडे कलली.

पाणी थंड नव्हतं, एवढं आठवतं. जॅकेट काखेपर्यंत वर सरकून तोंडावर आलं. कानात इंजिनचा आवाज होता आणि तो लांब जात होता. नंतर घरी बसून हिशेब केला: ६ नॉटने जाणारी होडी सेकंदाला ३ मीटर कापते, म्हणजे अर्ध्या मिनिटात ९० मीटर. त्या अंतरावर माणसाचं डोकं म्हणजे नारळ, आणि मध्ये मीटरभराची लाट आली की तो नारळही नाही. मला होडी दिसायची, मग फक्त पाणी, मग पुन्हा होडी.

आणि होडीत दर वेळी तेच दिसायचं. पोरगा उभा. एक हात आडव्या फळीला, दुसरा सरळ माझ्याकडे, बोट रोखलेलं. होडी वळली तेव्हा तो होडीबरोबर वळला नाही. कमरेतून फिरला आणि बोट माझ्यावरच ठेवलं. म्हाताऱ्याचा आवाज वाऱ्यावर तुटत येत होता: “पळय, पळय! बोट काडूं नाका!” पळय म्हणजे बघ, एवढं कळत होतं. पण मराठीत बोट म्हणजे होडीही. होडी बाजूला घेऊ नका, असं कुणालातरी ओरडताहेत असं मला क्षणभर वाटलं. पाण्यात डोकं कुठे चालतं!

कुणीही उडी मारली नाही. तांडेलांनी होडी वळसा घालून वाऱ्याच्या तोंडावर आणली, माझ्यापासून चार-पाच हातांवर इंजिन बंद केलं. पंखा फिरत असताना माणसाजवळ जायचं नाही. आधी दोर आला. माझ्या हातून निसटला. त्यांनी शिवी न देता तो गोळा केला आणि पुन्हा टाकला. दुसऱ्या वेळी जमला. मग बाजूला ओढून घेऊन, पट्टे नसलेल्या जॅकेटच्या गळ्याला धरून, एखादा मोठा मासा घ्यावा तसं त्यांनी मला आत घेतलं. पोरग्याने तेव्हा कुठे हात खाली केला, आणि तो हात दुसऱ्या हाताने दाबत बसला. दुखत असणार. सगळा प्रकार चार-पाच मिनिटांचा.

किनाऱ्यावर सुनेने चहा दिला, माझ्या कपड्यांवर हसली. तांडेल जाळ्याकडे परतले. मी विचारलं, तो पोरगा उडी मारायला निघाला नाही का? ते म्हणाले, होडीत तिघं. एक पाण्यात. एक होडी चालवतो. तिसऱ्यानेही उडी घेतली तर मला शोधायची डोकी दोन आणि बघणारा कुणी नाही. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनाही आधी हात द्या, मग फेका, मग होडी न्या, आणि पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, असंच शिकवतात.

त्या रात्री पुस्तकाच्या शेवटच्या ‘खरे दर्यावर्दी’ पानांचा मजकूर पुन्हा वाचला. ती पानं मी कंटाळून केली होती. एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात पाठ मोडून पडले तेव्हा त्यांची गोव्यात बांधलेली नौका ‘तुरिया’ डोलकाठीविना हेलकावत होती. ते जागचे हलूही शकत नव्हते. जमेल तसे संदेश पाठवत राहिले आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. त्या पानांसाठी मी तुफान लाटा रंगवल्या होत्या, आणि माणसांना बोटीशी बांधून ठेवणारा दोर एकाही चित्रात नव्हता.

मुखपृष्ठ नव्याने काढलं. मोठी लाट, वळणारं गलबत, बावटा पुढे. कठड्याशी पोरगा, बोट रोखून. संपादकांचा फोन आला.

“यात आपला हिरो काय करतोय?”

“बोट दाखवतोय.”

“आणि?”

“आणि काही नाही. त्याने हात खाली केला तर तांडेल गेला.”

पलीकडे बरीच शांतता. मग, लेखकाशी बोलून कळवतो, म्हणाले. उडीचा प्रसंगच बदलायचा म्हणजे चार पानं नव्याने लिहायची, त्यांचीही अडचण खरी. महिन्याने होकार आला.

अंतिम प्रत घेऊन मी पुन्हा मोरजीला गेले. तांडेलांनी बावटा तपासला, मान हलवली. पोरग्याने चित्र गुडघ्यांवर घेतलं, स्वतःचा हात लांब करून चित्रातल्या हाताशी ताडून पाहिला. हात बरोबर होता. मग त्याने नायकाच्या तोंडावर नख ठेवलं. मुखपृष्ठ आहे म्हणून मी तो चेहरा सवयीने वाचकाकडे वळवला होता.

“हो आमचेकडेन पळयता,” तो म्हणाला. “मगीर उदकांतल्याक कोण पळयतलो?”