कुलूप लावून खेळलेली मॅच

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "डोळ्यांवर तो डबा बांधून हवेत हात कसले मारतेस गं? शेजारपाजारचे वेडी म्हणतील!" म्हटलं, तो डबा म्हणजे व्हीआर हेडसेट, तो लावला की हवेत चित्र काढता येतं, आणि मी १९४४ सालची एक बास्केटबॉलची मॅच रंगवतेय. आई गप्प. आता आईचं गप्प होणं म्हणजे तिला पटलं असं नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगायचं! म्हणून हे सविस्तर.

नॉर्थ कॅरोलायनातल्या या डरहॅम गावात कॉलेजच्या बास्केटबॉलचं वेड किती, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन स्टेडियम १९४० सालचं, जागा ९,३१४. शेजारच्या चॅपल हिल गावातल्या विद्यापीठाशी मॅच असली की रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून पोरं भर थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात, अभ्यासही तिथेच. तिथल्या मॅचचे फोटो आणि आकडे हवे तेवढे मिळतील. पण तिथून तीन-चार मैलांवर अशी एक मॅच झाली की जिचा एक फोटो नाही.

१२ मार्च १९४४, रविवार. निम्मं गाव चर्चमध्ये. ड्यूकच्या मेडिकलचे गोरे विद्यार्थी उसन्या गाड्या घेऊन, आडवाटेने, जॅकेटं डोक्यावर ओढून कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या जिममध्ये शिरले. (ते कॉलेज म्हणजे आजची नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी.) आत गेल्यावर दाराला कुलूप. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणं तेव्हा इथे जिवावर बेतू शकत होतं. त्याच वर्षी जुलैत याच गावात बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाला बसमध्ये मागे बसण्यावरून झालेल्या वादात बस ड्रायव्हरने गोळ्या घातल्या, आणि ड्रायव्हर निर्दोष सुटला.

यजमान संघाचे कोच जॉन मॅक्लेंडन. बास्केटबॉल हा खेळच ज्यांनी शोधला त्या जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली ते कॅन्सस विद्यापीठात शिकले, पण काळे म्हणून तिथल्या संघात त्यांना खेळू दिलं नाही. त्यांची पोरं सुरुवातीला बावरली, सोपे शॉट चुकले. मग वाऱ्यासारखी पळायला लागली. निकाल ८८–४४. एका स्थानिक वार्ताहराला कुणकुण लागली होती, पण त्याने शब्द पाळला, एक ओळ छापली नाही. ही हकिगत जगापुढे आली १९९६ साली, तब्बल बावन्न वर्षांनी.

फोटो नाही तर चित्र काढू, एवढाच माझा विचार. हवेत चित्र काढायचं गुगलचं सॉफ्टवेअर टिल्ट ब्रश २०२१ साली सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यातून निघालेलं ओपन ब्रश मी वापरते. डाव्या हातात रंगांची पाटी, उजव्यात ब्रश. हात फिरवाल तिथे हवेत रंगाची फीत लटकून राहते. समोरून पाहिलं तर खेळाडूचा दंड, बाजूला सरकलं की नुसता दोरा! पहिला आठवडा माझे सगळे खेळाडू असेच गायब होत होते. त्यात बास्केटची कडी जमिनीपासून दहा फुटांवर, माझ्या खोलीचं छत आठ फुटांवर. कडी रंगवताना बोटं छतावर सोलवटून घेतल्यावर अक्कल आली, की आपण उंच व्हायचं नसतं, दोन्ही हातांनी जिमच धरून खाली ओढायचं असतं.

चेहरे मी काढले नाहीत. कोण कसं दिसत होतं ते मनाने रंगवलं तर ती थाप झाली. नुसत्या धावत्या रेघा. ड्यूकच्या निळ्या, यजमानांच्या मरून. पहिल्या मॅचला हे छान निभावलं.

पण त्या सकाळी मॅच एकच झाली नाही. जरा दम खाऊन त्यांनी खेळाडू आपसांत वाटून घेतले, दोन्ही संघांत काळे आणि गोरे मिसळून. एका बाजूने शर्ट घातले, दुसरीने काढले. झालं, माझे निळे-मरून निकामी! इतके दिवस कातडीचा रंग मी सोयीस्करपणे टाळला होता. आता उघड्या पाठी रंगवायच्या म्हणजे तो लावावाच लागणार, आणि शेजारी शेजारी लावावा लागणार. दोन रविवार त्यातच गेले. तपकिरी रंगाच्या किती छटा पुसल्या, मोजल्या नाहीत.

बघणाऱ्याला उभं कुठे करायचं यावर मी फार डोकं खाजवलं. मैदानाच्या मधोमध उभं केलं तर मजा येते, पण आत प्रेक्षक नव्हतेच. कॉलेजची काही पोरं मात्र बाहेरून खिडक्यांना लटकून बघत होती म्हणे. म्हणून खिडकीच ठेवली. विटांची भिंत, उंच काच, पलीकडे पळणाऱ्या रेघा.

काल एका मैत्रिणीला दाखवलं. खरं तर खिडकी तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणून ठेवली होती. तरी बया चवड्यांवर उभी राहिली आणि नसलेल्या चौकटीला धरायला हात पुढे केला.